खुर्चीवरची पिवळी लोकर

मी गणित शिकवायची. वर्गात कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की त्याला फळ्यापाशी उभं करून गणित सोडवायला लावायची. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी नोकरीला होते. आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर. मी लग्न केलं नाही, म्हणून आई माझ्याकडेच असायची. ती त्या वर्षी पावसाळ्यात गेली. डिसेंबरात मोठी सुट्टी लागली, मुलं घरी गेली, बाकीचे शिक्षकही गेले, आणि अख्ख्या आवारात मी आणि गेटवरचा वॉचमन एवढेच उरलो.

मी कुठे जाणार? धाकटी बहीण नलू सांगलीला. तिला आठवा महिना संपत आलेला. आधीची दोन बाळं राहिली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी घाट चढायची सक्त मनाई केली होती. नाहीतर बाळंतपणाला ती माहेरी, म्हणजे माझ्याकडेच आली असती. तिच्या सासरी तरी मी किती राहणार? पाहुणी म्हणून चार दिवस ठीक.

तर सुट्टी मजेत घालवायची असं मी ठरवून टाकलं. आणि खरं सांगते, सुरुवातीला मजा आलीसुद्धा! फडताळ आवरलं, डबे घासून उन्हात ठेवले, मेतकूट केलं. लायब्ररीतून कादंबऱ्यांचा गठ्ठाच आणला होता. दुपारी खिडकीपाशी आईच्या वेताच्या खुर्चीत बसायचं, मांडीवर पुस्तक, हातात सुया. न बघता विणायला आईनेच शिकवलेलं. फक्त काही छान वाचलं की "आई, ऐक गं" म्हणून मान वर व्हायची... मग बराच वेळ पुस्तकात लक्ष लागायचं नाही.

विणायला घेतला होता नलूच्या बाळाचा स्वेटर. पिवळी, मऊ लोकर. आता, आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. जन्मल्यावरही आधी जुन्या धुवट लुगड्याची झबली-दुपटी. नवं घालायचं ते बारशाला. सकाळी कामाला येणाऱ्या सोनाबाईने माझ्या सुया बघितल्या आणि केरसुणी टाकून उभीच राहिली.

"आवं बाई, लेकरू यायच्या आदी इनत्यात व्हय? काढून टाका ते."

"तुमचं आपलं काहीतरीच! थंडीत बाळ येणार, कुडकुडत ठेवायचं का त्याला?"

"तुमी लय शिकल्याल्या. आमी काय बोलावं," म्हणत ती फणकाऱ्याने केर काढायला लागली.

खरं तर घाई बाळाला नव्हती, मलाच होती. हातात काही नसलं की ते घर मला खायला उठायचं.

एके दिवशी स्वेटरची पाठ होत आली. विणकाम खुर्चीवर ठेवलं, कुलूप लावलं आणि बाजारात गेले. परत आले तर कुलूप जसंच्या तसं. खुर्चीवर सुया मोकळ्या, शेजारी-शेजारी. विणलेलं सगळं उसवून त्याचा नीट गुंडा केलेला! किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. सोनाबाई सकाळीच गेलेली, वॉचमन म्हणाला कोणी आलं नाही. शेवटी मी माकडांवर ढकललं... माकडं गुंडा करत नाहीत हे काय मला कळत नव्हतं?

पण मी हट्टी. पुन्हा टाके घातले. पुन्हा पाठ विणली, पुढचा भागही होत आणला. त्या दुपारी नलूला फोन करायला निघताना खिडक्यांच्या कड्या स्वतः तपासल्या. फोन करून आले, दार उघडलं आणि तिथेच खिळले.

लोकर खुर्चीच्या पाठीला लडी करून गुंडाळलेली. ओली. गुंता होऊ नये म्हणून ठिकठिकाणी पांढऱ्या दोऱ्याच्या सैल गाठी मारलेल्या. खाली फरशीवर पाणी ठिबकत होतं, आणि घरभर रिठ्याचा वास.

उसवलेली लोकर नागमोडी होते. ती रिठ्याच्या पाण्यात धुऊन अशी लडी करून वाळवली की सरळ होते. हे आई करायची. मला एवढा धीर कधीच नव्हता. मी तशीच वाकडी लोकर वापरायची आणि बोलणी खायची. आणि रिठे? आई गेल्यापासून मी घरात आणलेच नव्हते.

भीती वाटली का? वाटली ना! पण स्वतःसाठी नाही, नलूसाठी. तशीच धावत पुन्हा एसटीडी बूथवर गेले.

"नलू, बरी आहेस ना गं?"

"अगं, आत्ताच तर बोललो! ताई, रडतेस का तू?"

"सर्दी झालीय."

"ताई... बाळासाठी काही विणत-बिणत नाहीस ना? मला आपली उगाच धास्ती वाटते."

"नाही गं," मी म्हटलं. आणि त्या घडीला ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सोनाबाईने लडीला हात लावून बघितला. "झाक बांदलीया. शिकलासा की बाई!" लडी तशीच वाळू दिली. रोज दुपारी त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून वाचत राहिले — मोठ्याने. कुणाला वाचून दाखवत होते ते विचारू नका. पण त्या सुट्टीत मग मला एकटं वाटलं नाही.

जानेवारीत सांगलीहून शाळेच्या ऑफिसात फोन आला. मुलगी! दोघी सुखरूप. मी तिथेच ढसाढसा रडले. घरी येऊन टाके घातले, आणि बारशाला नलूची लेक पिवळा स्वेटर घालूनच पाळण्यात गेली.

"लोकर धुऊन घेतलीस वाटतं?" नलू बाहीवरून हात फिरवत म्हणाली. "अगदी आईसारखी."

मला भास झाला म्हणावं, तर ओली लडी सोनाबाईनेही बघितली. मीच धुऊन विसरले म्हणावं, तर रिठे कुठून आले? इतकी वर्षं ताळा करून बघतेय, जमत नाही.

आता मी रिटायर झाले. आईची खुर्ची माझ्याबरोबरच आहे. अजूनही बाहेर जाताना अर्धवट विणकाम मुद्दाम तिच्यावर ठेवून जाते. परत आल्यावर कुलूप काढून दारातच जरा उभी राहते, रिठ्याचा वास येतोय का बघते. मग आत जाते. टाके सगळे जिथल्या तिथे असतात.