साडभाऊंचे सव्वादोन हजार लीटर

आमच्या साडभाऊंना पेलाभर पाणी देऊ शकेल असा माणूस अख्ख्या सौंसर तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. पाण्याला कुणाची ना नसते. घोडं अडतं ते 'पेलाभर'पाशी. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. हे दारात चपला काढतात न काढतात तोच आतून पाणी येतं, आणि साडभाऊ तो पेला उजेडाकडे धरून म्हणतात, "दोनशे वीस असन. जास्तीत जास्त दोनशे पंचवीस." एवढ्यावर भागलं तर ते साडभाऊ कसले! शर्टाच्या खिशातून खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण निघतं, दहा मिलीलीटरचं, आणि उभ्या उभ्या बावीस वेळा ओतून ते आपला अंदाज पडताळून घेतात. तोवर बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. हे सगळं उभ्यानंच, कारण बसणं हा प्रकार त्यांना जमत नाही. खुर्चीत टेकले की गुडघा हलायला लागतो, मग बोटं, मग मान, आणि मिनिटभरात ते आमच्या मोरीतली बादली उलटी करून तिच्या बुडावर लिहिलेले आकडे वाचत असतात.

त्यांची सारी नोकरी गावाला पाणी पुरवणाऱ्या टाकीवर गेली. टाकीत रोज किती घनमीटर चढलं, किती उतरलं हे वहीत लिहायचं. सरळ कामाचा माणूस संध्याकाळी वही मिटतो आणि घरी जातो. साडभाऊंची वही घरी जाऊन डोक्यात उघडते. जेवताना वरणाची वाटी समोर आली की ती दीडशे मिलीलीटर, म्हणजे पंधरा सेंटिलीटर, म्हणजे दीड डेसिलीटर, म्हणजे शून्य दशांश एक पाच लीटर. वरण निवतं, पण वाटी लीटरपर्यंत चढल्याशिवाय ते घास घेत नाहीत. ताई, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून म्हणते, "यायच्या डोक्यातला नळ रातदिवस चालूच राह्यते. कुठून बंद करा लागते, आपल्याले त काई सापडलं नाई."

एकदा पांढुर्ण्याला माझ्याकडे आले असताना माझ्या मुलीनं त्यांना चुकून विचारलं की लीटरचे मिलीलीटर करताना गुणायचं की भागायचं. चुकून म्हणतो, कारण पुढचे दोन तास आमच्या जिन्यावरून कुणाला वर जाता आलं नाही. साडभाऊंनी खडू घेऊन सात पायऱ्यांवर सात नावं लिहिली. सगळ्यांत वर किलोलीटर, मग हेक्टोलीटर, डेकालीटर, मधोमध लीटर, खाली डेसिलीटर, सेंटिलीटर आणि तळाला मिलीलीटर. "एक पायरी उतरली का दहानं गुन. चढली का दहानं भाग. पाय चुकला त हिशोब चुकला." मग स्वतःच धाडधाड उतरत, धापा टाकत चढत, "दहा, शंभर, हजार!" असे ओरडत राहिले. माझी आई देवळातून आली, पायऱ्यांकडे बघून तिला वाटलं घरात काही पूजा आहे, आणि तिनं मिलीलीटरला नमस्कार करून चपला काढल्या. मुलगी मात्र त्यानंतर हा हिशोब कधी चुकली नाही, हे कबूल केलं पाहिजे. साडभाऊंचा वैताग यावा तरी कसा, ते बरोबर असतात.

लोधीखेड्याच्या एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्याला घामच फोडला होता. तीनशे पान, माणशी दीडशे मिलीलीटर कढी, म्हणजे पंचेचाळीस लीटर. आणि आचारी कढवत होता साठ. साडभाऊ कढीच्या मोठ्या गंजाभोवती मोजपट्टी घेऊन फिरू लागले. आचारी झारा उगारून म्हणाला, "साहेब, तुमी जेवाले आले का जप्ती कराले?" "पंधरा लीटर उरन," साडभाऊ म्हणाले. "उरू द्या न. कमी पडली त नाक माझं कापल्या जाते!" उरली ती बरोबर पंधरा लीटर. ती कॅन भरभरून पाहुण्यांबरोबर पाठवली, आणि आमच्या घरी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कढी झाली. मी वैतागून तिसऱ्या दिवशी दुकानात उपाशी बसलो. पांढुर्ण्यातलं माझं वह्या-पुस्तकांचं दुकान हे अशा वेळी फार उपयोगी पडतं.

पण ह्या माणसाची ही तगमग पहिल्यापासून एवढी नव्हती. छंद होता, हौस होती. ती अशी अंगात आली त्याला एक कारण घडलं, आणि ते मोहगावजवळच्या आमच्या सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत घडलं.

सासऱ्यांना आम्ही दोघं जावई मामाजी म्हणतो. त्यांना मुलगा नाही, दोन मुलीच. बागेतली दोनशे झाडं हीच त्यांची बाकीची लेकरं. तीन वर्षांपूर्वीच्या माघात आंबिया बहार असा धरला होता की पानांपेक्षा कळ्या जास्त. नव्या पालवीवर कीड दिसली आणि फवारा मारायचं ठरलं. आम्ही दोघं नेमके तिथे होतो. औषधाच्या बाटलीवर लिहिलं होतं, लीटरभर पाण्यात एक मिलीलीटर. आता पाणी किती, एवढाच प्रश्न. आणि साडभाऊंसमोर असा प्रश्न ठेवणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं पातेलं. फवाऱ्याचं पाणी बागेतल्या जुन्या टाक्यात भरत. मामाजींच्या वडिलांनी दगडात बांधलेलं ते चौकोनी टाकं, वरून फरश्यांनी झाकलेलं, मधे माणूस उतरेल एवढं तोंड.

"आमी त यात पाच डरम पानी टाकतो, जवाईबुवा," मामाजी म्हणाले.

"डरम काय माप हाय का, मामाजी? तोंडोतोंड भरत नसान तुमी. आपन घनमीटरनं जाऊ." आणि साडभाऊंनी पट्टी काढली. टाकं दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर उंच. दीड गुणिले दीड, सव्वादोन घनमीटर. घनमीटरला हजार लीटर, म्हणजे सव्वादोन हजार लीटर. लीटरला एक मिलीलीटर, म्हणजे औषध सव्वादोन लीटर. सगळं तोंडी, क्षणात, एका पायावर उभं राहून. मामाजींनी "पन जवाईबुवा..." असं म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. सासऱ्यानं जावयाला चारचौघांत चुकीचं ठरवावं, यापेक्षा सासऱ्यानं चुकीचं औषध मारावं हे बरं. मी झाडाखाली चहा पीत होतो.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा उकळतं पाणी पडल्यासारख्या झाल्या. आठव्या दिवशी झाडाखालची जमीन गळलेल्या फुलांनी पांढरी झाली. साडभाऊ सौंसरहून धावत आले, टाकं रिकामं होतं, त्यांनी फरशीच्या तोंडातून आत हात घातला आणि तसेच राहिले. दगडाची भिंत वीतभर जाड होती. चारही बाजूंनी वीतभर. त्यांनी टाकं बाहेरून मोजलं होतं. आत जेमतेम हजार लीटर पाणी होतं आणि त्यात औषध पडलं होतं दुपटीहून जास्त. ज्याचा जन्म टाकीवर गेला त्या माणसाकडून हे झालं. गुणाकार बरोबर होता, पायऱ्या बरोबर होत्या, फक्त पाणी कमी होतं.

ते तसेच मामाजींकडे गेले आणि म्हणाले, "माझी गलती झाली, मामाजी." मामाजी म्हणाले, "असू द्या, जवाईबुवा. देवाची मर्जी. च्या घ्या." आणि विषय संपला. कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही, उलट त्या दिवसापासून साडभाऊंचा मान वाढला. पहिलं ताट त्यांना, धुतलेली चादर त्यांच्या खाटेवर, आणि औषधाची बाटली मात्र उंच फळीवर. साडभाऊंनी बागेकडे पाऊल टाकलं की मामाजी हात जोडून म्हणत, "तुमी आराम करा, जवाईबुवा." शिवी खाल्लेला माणूस झोपतो, आराम करा म्हटलेला कसा झोपणार? तेव्हापासून ते जे सुटले ते सुटलेच. चहाच्या टपरीवर गेले की कपाची जाडी चिमटीत धरून बघत. बोरगावचे शेतकरी त्यांना फोन करून औषधाचं प्रमाण विचारू लागले; साडभाऊ फोनवर सांगत नसत, मोटारसायकल काढून जात, पंपात झाकणाझाकणानं पाणी मोजत, मगच आकडा देत. एकाही बागेचं पान जळलं नाही. आणि एवढं करून, दर चार दिवसांनी मला फोन, "मामाजी काई बोलले का?" मी म्हणे, नाही. "माझ्याबद्दल?" नाही. "बरं," म्हणून फोन बंद, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

यंदाच्या थंडीत मामाजींचा गुडघा पार धरला आणि त्यांनी जाहीर केलं की बाग कुणाला तरी बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, देऊन टाकतो, आता होत नाही. ताईनं नवऱ्याकडे पाहिलं, साडभाऊंनी जमिनीकडे. कारण नोकरी सुटल्यावर ती बाग करायची हे त्यांनी लग्नापासून मनात धरलं होतं, आणि आता मागायला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा एक फवारा मारायचा होता. मामाजींना आम्ही खाटेसकट बागेत नेऊन ठेवलं. बाटली त्यांच्या उशाला. मी वळून पाहतो तर साडभाऊ दिसेनात. फरशीच्या तोंडाशी त्यांच्या चपला तेवढ्या होत्या, व्यवस्थित जोडून ठेवलेल्या.

"जवाईबुवा, काय करून राहिले? कपडे खराब होतीन!" मामाजी ओरडले.

टाक्याच्या पोटातून घुमत आवाज आला, "मोजून राहिलो, मामाजी. आतून."

मामाजी खाटेवर उठून बसले. आणि आयुष्यात कधी ऐकला नव्हता असा त्यांचा आवाज मी ऐकला. "आत्ता? आत्ता उतरून राहिला, गधड्या? तवा काय पाय मोडले होते तुये? मी सांगतो पाच डरम, अन् हा पट्टी घेऊन भाईरून गोल फिरून राहिला! दोनशे झाडाचा बहार मातीत गेला. रोज सकाळी मी त्या फुलावरून चालो. तीन वर्स झाले, कोनाले बोललो नाई. कोनाले बोलू? जवाई हाय म्हनून गिळलं!"

फरशीच्या तोंडातून साडभाऊंचं डोकं वर आलं. केसांत जाळी, गालावर शेवाळ, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं आता हा माणूस तडक सौंसरला निघून जाणार. त्यांनी दोन्ही हात फरशीवर टेकले आणि म्हणाले, "हो, मामाजी. अजून बोला न."

मामाजी बोलले. दम लागेपर्यंत बोलले. लग्नातल्या कढीबद्दल बोलले, खिशातल्या झाकणाबद्दल बोलले, तीन वर्षं तोंड लपवून हिंडल्याबद्दल बोलले. साडभाऊ मान खाली घालून ऐकत राहिले, आणि मी शपथेवर सांगतो, त्या सगळ्या वेळात त्यांच्या अंगाचं एक बोट हललं नाही. शेवटी मामाजी थकले. "निंग आता भाईर. किती मावते म्हन्ते तुई पट्टी?"

"नऊशे ब्यान्नव लीटर, मामाजी."

"मंग पाच डरम, तेच त सांगो मी!" म्हणत मामाजींनी उशाची बाटली उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. साडभाऊंनी औषध तीनदा मोजलं. बाहेर एक थेंब सांडला नाही. बाग बटईनं द्यायचं मामाजींनी पुन्हा काढलं नाही, दुपारी जेवताना फक्त म्हणाले, "उद्या लवकर ये. झाडाले आळे करा लागते."

परत येताना मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे होतो. मोहगाव सोडल्यावर त्यांनी मधेच गाडी उभी केली. मला वाटलं काही मोजायचं राहिलं. ते वळून म्हणाले, "आयकलं न तुमी? गधड्या म्हटलं मले. पोराले म्हन्ते तसं." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना.

मी हो म्हटलं. एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही. ड्रम दोनशे लीटरचा, पाच ड्रम म्हणजे हजार लीटर, हा हिशोब तीन वर्षांपूर्वी त्या झाडाखाली चहा पिता पिता मी मनात केला होता. सव्वादोन हजार कुठले आले, हेही मनात आलं होतं. मोठ्या जावयाच्या बोलण्यात धाकट्यानं कशाला पडा, असं मी स्वतःला सांगितलं; खरं म्हणजे उठायचा कंटाळा केला. साडभाऊंनी चूक केली, कबूल केली, आणि एवढ्या वर्षांनी का होईना, त्या घरात शिव्या खाऊन ते घरचे झाले. मला तिथे आजवर कुणी एका शब्दानं बोललेलं नाही.