तळाची झाकलेली पट्टी

घुबडकाकांची डार्करूम म्हणजे घरातली एकुलती एक न्हाणी. खिडकीला काळं रेग्झिन, कपडे धुण्याच्या मशीनवर निगेटिव्ह मोठी करून छापणारा एन्लार्जर, छताला लाल दिवा आणि दाराबाहेर काकू.

"अहो, किती वेळ?"

"दार उघडू नकोस! उजेडानं कागद जळेल!"

"कागद जळेल म्हणे. माझा जीव जळतोय त्याचं काय?"

काकांनी आयुष्यभर एका पोर्ट्रेट स्टुडिओत प्रिंट काढले. स्टुडिओ बंद पडला, एन्लार्जर भंगारात निघाला आणि काका त्याला रिक्षात शेजारी बसवून घरी घेऊन आले. आठवडाभर त्यांना कुणी काही विचारत नसे. पण रविवारी दाताचे डॉक्टर येत, शिलाईवाल्या ताई येत, अजून दोघंचौघं हौशी येत, आणि "काका, आकाश पांढरंफटक का येतं हो?" असं विचारत. त्या एका सकाळच्या जोरावर काका आठवडा काढत.

बोलायला मात्र ते कच्चे. म्हणून उत्तरादाखल लेख वाटत. एका बंद पडलेल्या मासिकात एका बाईंनी मास्किंगवर लेखमाला लिहिली होती. निगेटिव्हवरून तिचीच धूसर फिल्म काढायची, हाच मास्क. तो निगेटिव्हवर बसवून छापलं की काळ्यातलंही दिसतं आणि पांढऱ्यातलंही. काकांच्या लेखी ही बाई म्हणजे देवी. झेरॉक्सवर त्यांचा विश्वास नव्हता. पानांचे फोटो काढून ते चक्क प्रिंट छापत.

अडचण एकच. प्रत्येक पानाच्या तळाशी होतं: लेखिकेच्या परवानगीशिवाय पुनर्मुद्रण करू नये. काका पापभीरू माणूस. ती ओळ दिसली की त्यांची नजर लाजून वर सरके. मग छापताना ते तळाशी काळ्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवत. ओळ गायब, टोचणीही गायब.

"चोरी आहे ही," काकू म्हणाल्या.

"ज्ञानाची कसली चोरी?"

"मग झाकता कशाला?"

"ते... समास सोडतो मी."

एका गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला. आवाजात लाडू फुटत होते. "काका, ओळखा कोण आलंय माझ्या खुर्चीत! तुमच्या लेखवाल्या बाई! तुम्ही वाटलेले लेखांचे सगळे प्रिंट दाखवले मी त्यांना!"

"सगळे?"

"सगळे! त्यांना बोलता येत नव्हतं, तोंडात कापूस होता. पण डोळे असे मोठ्ठे झाले! पत्ता घेतलाय त्यांनी तुमचा."

काकांनी फोन ठेवला. आता बाई कोर्टात खेचतील, लेख बंद, रविवार बंद. मग आपल्याकडे कोण कशाला येईल?

शनिवारी दुपारी बाई आल्या. ठेंगण्या, जाड चष्मा, एक गाल अजून सुजलेला. काकांनी नमस्कारासाठी वाकायला घेतलं.

"वाकू नका. आधी सांगा, हे संत कुठले?"

दोरीवर प्रिंट वाळत होते. प्रत्येक डोक्याभोवती रुंद पांढरं वलय होतं.

"हा माझा मेहुणा," काका म्हणाले.

"माझा सख्खा भाऊ," काकू पुढे सरसावल्या. "आणि संत? लग्नात दुसऱ्याची चप्पल घालून गेला होता तो!"

"मास्क काढताना निगेटिव्ह आणि फिल्मच्या मध्ये पारदर्शक कागद किती ठेवता?" बाईंनी विचारलं.

"चार."

"चार! म्हणूनच ही वलयं! कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तिसऱ्या लेखात. आम्ही सगळेच ठेवतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "चौथ्या लेखाचा मूळ अंक आणा."

काकांनी तो पेटीतून काढला. बाईंनी तळाशी बोट ठेवलं. परवानगीच्या ओळीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. काकांनी ती जन्मात पहिल्यांदा वाचली: मागील भागात 'चार कागद' ऐवजी 'एक' वाचावे.



"माझी चूक मी दुरुस्त केली होती," बाई म्हणाल्या, "तुम्ही ती पुन्हा गावभर वाटलीत. वर माझ्या नावाने!"

"आणि मला म्हणायचे, तुझ्या न्हाणीतल्या वाफेनं वलय येतं," काकू म्हणाल्या.

"बाई, माझं चुकलं," काका पुटपुटले. "आता... परवानगी दिलीत तर ती ओळ ठेवून छापीन."

"नाही. पुस्तक करतेय मी त्या लेखांचं. वाटलेले सगळे परत घ्या."

"मग रविवारी मी त्यांना देऊ काय?"

"देता कशाला? सांगा! तुमचे हात माझ्या लेखांनी चालले का इतकी वर्षं?"

"मला चारचौघांत बोलता येत नाही हो."

"माझ्याशी बरं भांडता येतं," काकू म्हणाल्या.

रविवारी मंडळी आली, खाली मान घालून आपापले गठ्ठे परत देऊन न्हाणीत दाटीवाटीने उभी राहिली. बाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. "हं, करा सुरू."

सगळे काकांकडेच बघत होते. शेवटी त्यांनी हात वर करून लाल दिवासुद्धा बंद केला. मिट्ट काळोख.

"आता कुणी माझ्याकडे बघत नाहीये ना?" काळोखातून आवाज आला. "मग ऐका. कागद एकच. आणि तो का, तर..."

त्यानंतर काका असे सुटले, की दाराबाहेर काकू बादलीभर धुणं घेऊन उभ्या होत्या, पण त्यांनी दार काही वाजवलं नाही.