शर्टाचं बटण लावलेलं मशीन

वडिलांचं टाइपरायटर मीच विकलं. भंगारवाल्याने उचलून नेलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. पण दारातून जाणाऱ्या हातगाडीला हाक मी मारली होती, आणि काट्यावर मशीन चढवायला हातसुद्धा मीच लावला होता.

वडील अक्कलकुव्याला तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करायला बसत. एक लाकडी टेबल, वर ताडपत्री आणि मराठी टाइपरायटर, एवढाच संसार. डोंगरातली माणसं जीपला लटकून खाली यायची आणि आपलं म्हणणं पावरीत नाहीतर भिलीत सांगायची. वडील मान हलवत ऐकायचे, दोन-तीन प्रश्न विचारायचे आणि ते सगळं कचेरीच्या मराठीत बसवायचे. दाखला, रेशन, जंगलातली जमीन. त्यांचा एकच नियम होता. आलेल्या माणसाला ‘उद्या ये’ म्हणायचं नाही. साहेब म्हणेल, शिपाई म्हणेल, आपण म्हणायचं नाही. दिवे लागले तरी शेवटचा अर्ज संपवूनच ते मशीनवर झाकण घालायचे.

एकदा मशीनच्या एका कळीची टोपी तुटली. सुटा भाग मागवायला धुळ्याला कोण जाणार? त्यांनी माझ्या शाळेच्या शर्टाचं पांढरं बटण काढलं आणि डिंकाने त्या कळीवर चिकटवलं. मी वर्षभर एका बटणाशिवाय शाळेत गेलो आणि मास्तरांची बोलणी खाल्ली. मशीन मात्र चालू राहिलं.

आई गेल्यावर मी त्यांना नंदुरबारला माझ्या घरी आणलं. सामान आवरताना माझं डोकं फिरलं होतं. धूळ, झुरळं, पिवळ्या कागदांचे गठ्ठे. मी एका दुपारी निम्मं घर किलोवर घातलं. वडील ओट्यावर बसून बघत होते. गाडी गेल्यावर एवढंच म्हणाले, “नवी रिबन टाकेल व्हती.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग त्यांची आठवण विरायला लागली. आधी नातवांची नावं गेली, मग जेवल्याचं विसरू लागले. पण सकाळचे दहा काही विसरले नाहीत. दहा वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत आणि मला विचारत, “मन्हं मशीन कोठे शे? लोके उभा शेतस.” नाही म्हटलं की दाराकडे जायचे. दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या लोकांची त्यांना लाज वाटायची, ताटकळत ठेवल्याची. मी शिकवायला शाळेत निघून जायचो. बायको दिवसभर समजूत घालायची. डॉक्टर म्हणाले, ओळखीची वस्तू हाताशी असली तर माणूस शांत होतो. ते सहज बोलून गेले, मी मात्र रिक्षात बसून रडलो.

त्यानंतर मला वेड लागलं म्हणा. भंगारवाल्याला गाठलं, त्याने तळोद्याच्या एकाला दिलं होतं, त्याने पुढे कुणाला ते त्यालाही आठवत नव्हतं. मग मोबाइलवर जुनी टाइपरायटरं शोधत बसायचो. आणि एके दिवशी जुन्या वस्तूंच्या एका लिलावाच्या साइटवर ते दिसलं. पुसून चकचकीत केलेलं, मागे निळा पडदा. फोटो मोठा केला. एका कळीवर पांढरं बटण होतं, चार भोकांचं. माझं.

विकणारा कोण ते साइट सांगत नव्हती. लिलाव आठ दिवस चालणार होता. बोली लावायची तर आधी बँकखातं जोडा, म्हणजे जिंकणाऱ्याचे पैसे लिलाव संपताक्षणी खात्यातून आपोआप कापले जातील. विकणाऱ्याचंही खातं तसंच जोडलेलं; सौदा मोडेल त्याचा दंडही तसाच कापला जाणार. नंतर देतो, उद्या देतो, हा प्रकारच नाही. मला संताप आला. वस्तू हातात नाही, माणूस माहीत नाही आणि आधी खिसा उघडून ठेवा. पण जोडलं. पंधरा हजारांवरची रक्कम असेल तर बँक दर वेळी मोबाइलवर मंजुरी मागेल, असं तिथे लिहिलं होतं. एवढी थोडीच जाणार आहे, म्हणून मी पुढे गेलो.

कुणी एक अनोळखी गिऱ्हाईक माझ्यावर चढत होतं. साडेसात हजारांवर ते थांबलं. मी आठ केले. दोन दिवस कुणी हललं नाही. लिलाव संपणार होता शुक्रवारी दुपारी बाराला, आणि शुक्रवारी माझी दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून ड्यूटी. मोबाइल केंद्रप्रमुखांच्या पिशवीत जमा करायचा. म्हणून साइटवरची एक सोय मी चालू केली. कुणी वर चढलं की माझी बोली आपोआप थोडी वाढेल. कुठवर, ते भरायचा रकाना मी रिकामा सोडला. मशीनसाठी मर्यादा घालायला माझा हात धजला नाही. खात्यात पैसे होते, हे सांगायलाच हवं. पैशाने मी हरलो नाही.

शिवाय गावाकडच्या चुलतभावाला सांगून ठेवलं. तो माझ्याहून मोठा, तापीकाठी शेती करतो, वडिलांवर त्याचा फार जीव. रविवारी गावी गेलो होतो तेव्हा त्याच्याही मोबाइलवर ती साइट उघडून, त्याचंही खातं जोडून दिलं, कारण त्याशिवाय लिलाव नीट बघताच येत नव्हता. म्हटलं, “भाऊ, शुक्रवारी जरा लक्ष ठेवा.”

आता आमच्या गावाची एक रीत सांगतो. सप्ताह संपला की मारुतीच्या पारावर पहिल्या नारळाचा लिलाव होतो. घरातल्या कुणी बोली लावली की भाऊबंदांनी ती वाढवायची. आपल्या माणसाला नारळ स्वस्तात मिळू देणं म्हणजे त्याची किंमत कमी करणं. भाऊ वाढवतो, हा वाढवतो, लोक हसतात, टाळ्या पडतात. एक टोकाचा आकडा आला की भाऊ थांबतो, आणि नारळ ज्याचा त्याला मिळतो. पैसे पुढच्या सप्ताहापर्यंत कधीतरी. पाराला कधी कुणाचं खातं जोडावं लागलं नाही.

त्या आठवड्यात मी वडिलांना सांगून टाकलं होतं, “दादा, मशीन येई ऱ्हायनं.” खिडकीशी एक टेबल लावलं. त्यांनी ते स्वतःच्या टॉवेलने पुसलं, खुर्ची सरकवून बघितली, कोरे कागद डाव्या हाताला ठेवले. तीन दिवस त्यांनी दाराकडे पाऊल टाकलं नाही. त्या तीन दिवसांत घरात आनंद होता.

शुक्रवारी अडीचला पिशवीतून मोबाइल मिळाला. पहिला मेसेज, अभिनंदन, तुम्ही लिलाव जिंकलात, एकवीस हजार शंभर. दुसरा बँकेचा, मंजुरी द्या. तिसरा, एक तासात मंजुरी न आल्याने पैसे कापता आले नाहीत. चौथा, तुमची बोली रद्द, वस्तू तुमच्या खालच्या बोलीला दिली जात आहे. पाचवा, बोली रद्द झाल्याबद्दल दंड तुमच्या खात्यातून वळता केला आहे. दंडाची रक्कम लहान होती, त्याला कुणाची मंजुरी लागली नाही.

शाळेच्या व्हरांड्यातूनच भावाला फोन लावला. तो खुशीत होता.

“काय रे, भेटनं ना? तुन्ही बोली खाले पडू दिधी नही मी. येकवीस लगून लई गऊ. तू बी मांगे हटना नही, मर्द शे. मंग मी थांबी गऊ.”

मी मागे हटलो नव्हतो, कारण मी तिथे नव्हतोच. रिकाम्या रकान्यातून माझी बोली आपोआप वर चढत होती, आणि तिकडे बांधावर बसून भाऊ माझा मान वाढवत होता. आठवरून एकवीसवर ती बोली आम्ही दोघा भावांनीच नेली. तिसरं कुणी नव्हतं.

“भाऊ,” मी म्हणालो, “मन्हं रद्द झाल्यावर तुमले मेसेज उना व्हता का?”

“उना ना. येकवीस हजार कापानी मंजुरी मांगत व्हता. मी नही म्हनी दिन्हं. तूच सांगेल शे ना, असा मेसेज उना की दाबानं नही, फसाडतस.”

हो, मीच सांगितलं होतं. दिवाळीत सगळ्या घराला ओट्यावर बसवून, मास्तरकीच्या आवाजात, मोबाइलवर आलेला आकडा कुणाला द्यायचा नाही, मंजुरी दाबायची नाही. भावाने एकट्याने ते मनापासून ऐकलं होतं. मी घाईने फोन ठेवला. त्याला काय बोलणार? रागवायला माणूस समोर लागतो, आणि माझ्या समोर सगळी माझीच माणसं होती.

आमच्या दोघांनंतर पाळी त्या अनोळखी गिऱ्हाइकाची. साडेसात हजार. त्याचे पैसे क्षणात कापले गेले. भावाने काहीच केलं नसतं तर मशीन आठ हजारांत माझं होतं.

साइटच्या तक्रारीच्या खिडकीत मी पानभर लिहिलं. वडिलांचं लिहिलं, शर्टाचं लिहिलं. त्यांच्या यंत्राने तक्रार मिळाल्याचं कळवलं आणि अनुभव कसा वाटला ते पाचपैकी तारे देऊन सांगा म्हटलं. मी तसंच परत लिहिलं. शेवटी ते विकणाऱ्यापर्यंत पोचलं असावं, कारण दोन दिवसांनी त्याचा फोन आला. सुरतेकडचा जुना-पुराणा माल घेणारा साधा माणूस होता.

“मास्तरजी, आपका पढ़ा. मेरे भी पिताजी हैं. पर मेरा खाता भी बंधा हुआ है. मैं सौदा तोड़ूँ तो जुर्माना अपने आप कटता है, और दुकान बंद. माल मेरे सामने पड़ा है, पर मेरा नहीं रहा.”

घेणाऱ्याला विचाराल का, म्हटलं. त्याने विचारलं होतं. त्या माणसाचं कॉफीचं दुकान होतं, काचेच्या कपाटात शोभेला ठेवायचं होतं. परत सोडाल का, याला त्याने उत्तर दिलं नाही. मशीन चालतं का, असंही त्याने विचारलं नव्हतं.

“चलता है क्या?” मी विचारलं.

“एकदम. रिबन भी नया है,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दहा वाजले. वडील इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. समोर मशीन नव्हतं. कागद डाव्या हाताला होते. मी चहा घेऊन गेलो आणि त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं. मला ओळखलं नाही. उभ्या माणसाकडे बघून त्यांचा चेहरा मात्र जुन्यासारखा झाला, कामाचा.

“बोल भो,” ते म्हणाले. “काय तक्रार शे?”

मग मी सांगितलं. हातगाडीपासून सगळं. मी विकलं दादा, किलोवर विकलं, आणि परत आणता आलं नाही. ते मान हलवत ऐकत होते. मध्ये एकदा विचारलं, “कोणता गावना?” मी गावाचं नाव सांगितलं. बोलणं संपल्यावर त्यांनी एक कागद पुढ्यात ओढला, सरळ केला, दोन्ही हातांची बोटं हवेत धरली आणि टेबलाकडे बघत राहिले. मग बोटं हळूच खाली घेतली. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

“आज मशीन नही शे,” ते म्हणाले. “उद्या येजो.”