सुमनअक्काचं कायनेज

आठवणीचा लेख म्हणजे पयल्या ओळीत फोन वाजतो आन् लिहिणाऱ्याच्या हातातला चहा सांडतो. तुमी तीच वाट बघताय न्हवं? आमच्या मेढ्याच्या घरात फोन न्हाई. सुमनअक्का गेल्याचा निरोप महिन्याखाली एसटीच्या कंडक्टरनं आणला, आन् चहा मी पुरता प्यालो… काय करावं ते सुचंना, म्हणून.

सुमनअक्का माझी जतची मावसबहीण. सांगलीत आमी एकाच कॉलेजात. ती एमएस्सीला, मी बीएला, म्हणजे सरांच्या नकला करायला. तिला रक्ताचा कॅन्सर झाला, आन् बयेनं प्रबंधाला विषय मागितला तोच! पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सोडणारी प्रथिनं असत्यात, त्यास्नी कायनेज म्हणत्यात. तिच्या आजारात त्यातलं एक बिघडतं, हुकूम सोडायचं थांबतच न्हाई. त्या एकाचंच तोंड बंद करणारं औषध परदेशात तपासत व्हते, त्यावर तिला लिहायचं व्हतं. तिचे सर म्हणायचे, “तब्येत सांभाळ, सोपा विषय घे.”

विषय मांडायच्या दिवशी विभागप्रमुखांनी अडवलंच. “कायनेज शेकडो, सगळी सारखी. औषध नेमकं एकालाच कसं धरणार?”

मी नुस्ता बघायला येऊन मागच्या बाकावर बसलेलो, अक्कानं मला उठवलं. “तिघं सर चिडल्यावर कसं वरडत्यात, करून दाव.”

मी केलं. कोणता सर कोण, कुणालाच कळंना.

“आता गप बसलेलं एक कर.”

मी चष्म्याची काडी कानात घातली, डोळं मिटलं… अख्खा वर्ग विभागप्रमुखांकडं बघून हसला.

“बघा सर,” अक्का म्हणली, “कामात असली की सगळी सारखी. थांबली की प्रत्येकाची बसायची तऱ्हा वेगळी. औषध तिथंच धरत असंल. अंदाज हाय माझा, तपासू तरी द्या.”

सरांच्या कानात तवा खरीच काडी व्हती. ती काढून त्यांनी अर्जावर सही केली. पुढं अक्कानं प्रबंध लिहून पुरा केला, ताप अंगावर काढून. आमच्या खानदानात असलं काम कुणी केलं न्हाई, सांगताना छाती फुगती माझी.

पर त्या सहीच्या दिवशी वर्गात मी चेकाळलो व्हतो. कुणी न सांगता अक्काचीबी नक्कल केली. तिची पानथरी, म्हंजे प्लीहा, त्या आजारानं सुजलेली. पोट दुखायला लागलं की डाव्या बरगडीखाली हात दाबून गप बसायची. तसा बसलो, मान खाली घातली. हसणं थांबलं.

भायेर आल्यावर अक्कानं लय झापलं. “लाज हाय का रं तुला?”

“चुकलं अक्का. दुखण्याची नक्कल नको व्हती करायला.”

“दुखण्याची कर की, गाढवा! हात बराबर ठिवलास. पर मान? मान कवा खाली घातली रं मी?”