तिने सांगितलेला सिनेमा

सिनेमा बघताना गप्प बसणं मला कधी जमलं नाही. आमच्या घरी पडद्यावरच्या माणसांचा निवाडा तिथल्या तिथे व्हायचा, तोही मोठ्या आवाजात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोजवळ एम.एस. करायला आले, ती ही खोड बरोबर घेऊनच.

माझी रूममेट कोरियन होती. एका शनिवारी दुपारी आम्ही व्हीसीआर भाड्याने आणला आणि तिच्या नेहमीच्या कोरियन किराणा दुकानातून एक कॅसेट. सबटायटल्स नव्हती. ती एकेक संवाद ऐकून मला इंग्रजीत सांगत होती आणि मी चहा पीत निवाडे करत होते.

गोष्ट दोन शाळकरी मैत्रिणींची. दोघी मिळून झाडाखाली एक डबा पुरतात. त्यात सरकारविरुद्धची, बंदी घातलेली पत्रकं आहेत, ती म्हणाली. मग एकीला पोलीस नेतात आणि ती तासाभरात दुसरीचं नाव सांगून मोकळी होते. मला पडद्यावर पोलीस दिसेनात. विचारलं, तर म्हणाली, "ते आधीच होऊन गेलंय. आता नुसत्या बोलतायत."

मी चिडलेच. म्हटलं, "असल्या मैत्रिणीला मी दारात उभं करणार नाही."

"ती सतरा वर्षांची असली तरी?"

"तरीही."

शेवटी मोठ्या झालेल्या त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या. मी गोंधळले. "आता हसतायत कशाला?" ती म्हणाली, "मला नीट ऐकू आलं नाही," आणि कप विसळायला उठली.

महिनाभरात तिने दुसरी खोली घेतली. भांडण नाही, तंटा नाही. जाताना भाताचा कुकर माझ्यासाठी ठेवून गेली. मी डोकं खाजवत बसले. माझ्या फोडण्यांचा वास सहन होत नसेल का? माझी बडबड? ती पदवी घेऊन निघून गेली, तरी मला उलगडा झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं तिखट लोणचं, आणायला त्याच दुकानात गेले. तोवर किमचीशिवाय माझा भात घशाखाली उतरेना. फळीवर ती कॅसेट दिसली. गल्ल्यावरच्या काकूंना सहज म्हटलं, "यातली ती मुलगी फार वाईट, नाही? पोलिसांना नाव सांगणारी."

काकूंनी कॅसेट उलटून नाव वाचलं. "यात पोलीस कुठे आहेत? त्या डब्यात प्रेमपत्रं आहेत. मुली बारा वर्षांच्या."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्याच सिनेमाची गोष्ट तिने यात घुसडली होती का? की माझी गंमत केली? हे सगळं मी स्वतःला विचारून पाहिलं, कारण उरलेली एकच शक्यता मला नको होती.

मग तिचा तो प्रश्न आठवला. सतरा वर्षं हा आकडा तिनेच काढला होता. मी टीव्हीवरची नजर न हटवता उत्तर दिलं होतं.