दादाला दवाखान्यातून नेलं ती दुपार

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापुढं हे कधी तोंडातून निघालेलं नाही – वहिनीपुढं तर नाहीच.

आमचं घर पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला. आईबाप लवकर गेले. मला थोरल्या भावानं वाढवलं. चौथीतून शाळा सुटली तेव्हा ओळखीपाळखी काढून त्यानंच मला मुंबईला गिरणीत चिकटवलं. आज परळच्या खोलीत दोन वेळ जेवतो ते त्याच्यामुळं. हे आधी सांगतोय, कारण – कारण पुढचं सांगणं लांबवतोय, दुसरं काय?

शिमग्याला गावी गेलो होतो. होळीचं झाड रानातून खांद्यावर आणताना दादाचा पाय सरकला आणि बुंधा डोक्यात बसला. थोडा वेळ शुद्ध नव्हती. मग उठून बसला, पाणी मागितलं. तरी वहिनी ऐकेना. मिळाला त्या ट्रकातून आम्ही त्याला महाडला दवाखान्यात आणलं.

तिथं बाकावर बसून त्याची थट्टा चालू. "डोक्यात काय हाय का बघा म्हणावं. मास्तरला तर कधी गावलं नाय."

"गप बसा वो," वहिनी म्हणाली, "डोकं फुटलं तरी जीभ शाबूत हाय."

हसलो आम्ही. मीही हसलो.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं – अंगात पाटलोण होती म्हणून असेल. म्हणाले, याला आज हलवायचं नाही. आता बरा दिसतो, पण डोक्यात आतून रक्त साकळू शकतं. उद्यापर्यंत माझ्या नजरेखाली राहू दे. समजलं? मी मान हलवली. सगळं समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवाची पालखी आमच्या दारात यायची होती. आमच्याकडं ती घरच्या थोरल्यानं खांद्यावर घेऊन अंगणात नाचवायची असते. थोरला नसला तर धाकट्यानं. म्हणजे मी. आदल्या वर्षी हौसेनं खांदा दिला होता, तर माझा तोल गेला. पालखी कलंडायचीच, दादानं सावरली. सगळी वाडी हसली. "मुंबईचं पाणी रं, खांदं पातळ झालं!" ते हसणं मला वर्षभर गिरणीच्या आवाजातही ऐकू यायचं.

एवढंच होतं. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं का? माहीत नाही.

"काय म्हनतो रं डाक्टर?" दादानं विचारलं.

"जावा म्हणाला," मी म्हणालो. "नुसता मुका मार हाय."

डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटकडं होते. आम्ही निघालो. पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढं चालत. चढणीवर दादाला उलटी झाली. ऊन लागलं असेल – हेही मीच म्हणालो. घरी येऊन तो आडवा झाला आणि घोरायला लागला. वहिनी म्हणाली, दमलेत, निजू दे. ते घोरणं नेहमीचं नव्हतं. मी ऐकत होतो. परत न्यायला तेव्हाही वेळ होता का? असेल. मी उठलो नाही.

ढोल वाजत पालखी वाडीत आली, तोवर दादा गेलेला होता. सुतकाचं घर म्हणून ती दारावरून पुढं गेली. मला खांद्यावर घ्यावी लागली नाही.

डॉक्टरानं जितं माणूस हाकललं, असं सगळे म्हणाले. मी मान हलवली.

पुढच्या शिमग्याला शेजारीण तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आमच्या ओटीवर आली. महाडला नेऊ का, म्हणून वहिनीला विचारत होती.

"तिथं नको गो नेऊ," वहिनी म्हणाली. "आमच्या मान्साला त्यांनी ठेवून नाय घेतला."

मी तिथंच बसलो होतो, चहा पीत. कप रिकामा केला. शेजारीण पोराला घेऊन घरी गेली. मी दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरली. त्या पोराचं पुढं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.