चार वाजताचा फोन

तुळिंजच्या आमच्या सोसायटीत मी नेमकं काय काम करते, हे कुणालाच नीट कळलेलं नाही. शेजारच्या वहिनींनी एकदा सरळ विचारलं. मी म्हटलं, "कुठल्या देशात सरकारने इंटरनेट बंद केलं, किती दिवस केलं, लोकांचं त्यात काय झालं, याची नोंद ठेवते."

"मग आमचं वायफाय बघाल का जरा? सकाळपासून गेलंय."

मी जाऊन त्यांची सुटलेली वायर खोचून दिली. चहा झाला. विषय तिथेच थांबला.

आमची संस्था लहान. आशियातल्या काही देशांत एक-दोन माणसं, आणि ऑफिस असं नाहीच. नवरा गेल्यावर मी मुंबईची नोकरी सोडली आणि भाषांतराच्या निमित्ताने या कामात शिरले. मुलगी बंगळूरला. घरात दिवसभर आवाज असायचा तो कॉलवरच्या माणसांचा.

त्यांतली एक माझी रोजची होती. दुसऱ्या एका देशात म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. तिचं नाव लिहीत नाही, देशाचंही नाही. हिंदी ती मालिका बघून शिकलेली, त्यामुळे साधं काही विचारतानाही खाष्ट सासूसारखी बोलायची. काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं आम्ही भाजीबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलायचो. माझ्या छातीत गाठ लागली तेव्हा मुलीच्या आधी मी तिला सांगितलं होतं. गाठ साधी निघाली, तेही तिलाच आधी.

एका सोमवारी ती आलीच नाही. दुपारपर्यंत कळलं, तिच्या अख्ख्या प्रांतात नेट बंद केलंय. आमच्या नोंदींच्या तक्त्यात नवी ओळ मलाच उघडावी लागली. त्यानंतर रोज सकाळी त्या ओळीपुढे मी एकच शब्द लिहायचे, 'बंद'. वहिनी जिन्यात भेटल्या, "बरं नाही का?" म्हणाल्या. काय सांगणार? जिला मी एकदाही प्रत्यक्ष भेटले नव्हते, तिच्यासाठी मला जेवण जात नव्हतं.

तिच्या घरच्या जुन्या फोनचा नंबर माझ्याकडे होता. बंदीच्या काळात बाहेरून असा फोन करायचा नाही, लाइन ऐकली जाते, हा आमचा पहिला नियम. नव्या लोकांना तो मीच शिकवते. सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता मी तो नंबर लावला.

आईने उचलला. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. मी तिच्या मुलीचं नाव घेतलं. तिनेही ते घेतलं, मग बराच वेळ काहीबाही बोलली. मला एवढंच कळलं की ती रडत नव्हती.

"ठीक?" मी विचारलं.

"ठीक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. मग आमचं रोजचंच झालं. मी मराठीत सांगायचे, आज वालाची उसळ केली, अर्धी उरली. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, मध्येच हसायची. मी किती दिवसांत कुणाशी एवढं बोलले नव्हते! तेराव्या दिवशी नुसती रिंग वाजत राहिली. त्यानंतर कुणी उचललाच नाही.

एकोणिसाव्या दिवशी नेट आलं आणि ती पडद्यावर दिसली. केस अगदी बारीक कापलेले.

"घरी फोन तूच करत होतीस ना?"

"हो. तू कशी आहेस?"

"मी मावशीकडे लपले होते. घरी दोन माणसं आली. भारतातून रोज चार वाजता कोण फोन करतं, म्हणून आईला तीन तास बसवून विचारत होते. जाताना फोन घेऊन गेले. मला मावशीकडूनही पळावं लागलं."

"चुकलं माझं."

"तुला माहीत होतं. तूच शिकवतेस हे सगळ्यांना."

तिने कॅमेऱ्यावरून नजर काढली आणि हळूच म्हणाली, "आई विचारते, ती बाई बरी आहे ना? एकटी असते का?"

त्याच दिवशी मी संस्थेच्या प्रमुखांना सगळं लिहून कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. असं आपल्यातल्या पुष्कळांच्या हातून झालंय, पुन्हा करू नका. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरात तिने काम सोडलं. कारण विचारायची मला हिंमत झाली नाही. सोडून गेलेल्या माणसाचे नंबर आणि पत्ते पुसून टाकायचे असतात. माझ्याकडचे मीच पुसले.

यंदा दुसऱ्या एका देशात नेट गेलं. तिथल्या सहकाऱ्याच्या घरचा नंबर माझ्या वहीत होता. चार वाजत आले तसं मला घरात बसवेना. वही आणि फोन घरीच ठेवून मी बस पकडून वसईला गेले आणि तिथून रिक्षाने सांडोरला. तिथे माझं कुणीही नाही. केळीच्या वाड्यांमधल्या वाटेने चालत राहिले. विहिरीपाशी एक बाई भाजीच्या जुड्या बांधत बसली होती. तिने मान वर केली.

"कोनाकडे जायचंय?"

"कुणाकडे नाही. अशीच आले."

तिने मला जरा न्याहाळलं. "पानी देऊ?"

मी हो म्हटलं आणि तिच्या शेजारी खाली बसले.